शोकगीतांखाली सनई-चौघडा

जुन्या पुस्तकाची फाईल उघडली की संगणक आधी विचारतो, यातला फॉन्ट माझ्याकडे नाही, दुसरा लावू का? मी हो म्हणते. मग पडद्यावर जे उमटतं त्याला मजकूर म्हणणं कठीण असतं. अक्षरं असतात, ओळी असतात, परिच्छेद जिथल्या तिथे असतात, फक्त वाचता काही येत नाही. गाव तेच, गल्ल्या त्याच, पण घरांवरच्या पाट्या कोणी झोपेत बदलून ठेवल्यासारखं. गेली काही वर्षं माझा हाच उद्योग आहे. जुन्या फॉन्टांत अडकलेली पुस्तकं सोडवायची, नव्या फॉन्टात बसवायची. अक्षरं तशी शहाणी असतात. त्यांच्यासाठी यंत्र असतं, एका बाजूने जुनी घातली की दुसऱ्या बाजूने नवी निघतात. फुलंपानं मात्र येत नाहीत. प्रकरणाच्या शेवटी असलेलं कमळ, मथळ्याखालची वेल, हे सगळं जुन्या फॉन्टांत कुठल्या तरी अक्षराच्या जागी पाहुणं म्हणून राहत असे. फॉन्ट गेला की पाहुणा गेला, आणि त्याच्या जागी भलतंच चिन्ह ओसरीवर येऊन बसतं.

गेल्या महिन्यात आमच्या शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीकडून उपासना-गीतांच्या पुस्तकाची फाईल आली. पाठवणारी मुलगी फोनवर म्हणाली, "आंटी, ही तुमच्याच काळातली आहे म्हणे." जणू मी एखाद्या राजवटीची असावी. फाईल उघडली. शेकडो गीतं, आणि प्रत्येक गीताच्या शेवटी एक परकं, उलटं, निरर्थक चिन्ह. ते कशाच्या जागी आलंय हे सांगू शकेल असं माणूस आता मीच उरले आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे छापखाना होता, की छापखान्याच्या मागे आम्ही राहत होतो, याबद्दल आई आणि पप्पांचं एकमत नव्हतं. मिशनच्या जुन्या आवाराला लागून ते घर. सकाळी ट्रेडल मशीन सुरू झालं की मांडणीवरची भांडी एका तालात किणकिणायची. मशीन थांबलं की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं?" आवाजाने नव्हे, शांततेने ती दचकायची. घराला रॉकेलचा, शाईचा आणि बाजरीच्या भाकरीचा असा मिळून एकच वास होता. पप्पा, शांतवन त्यांचं नाव, हातात ओळ जुळवायची स्टिक धरून उभे असायचे आणि उजवा हात केस नावाच्या लाकडी पेटीच्या घराघरांतून खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, टिपत फिरायचा. कोंबडी दाणे टिपते तसा, न बघता. शिशाची अक्षरं उलटी असतात, आणि पप्पांना उलटंच जास्त सहज वाचता येई. मी लहानपणी त्यांच्या समोर बसून गृहपाठ करायची, तर ते पलीकडून माझी चूक दाखवायचे. कितीतरी दिवस मला वाटे, सगळ्याच बापांना उलटीकडून दिसतं.

लग्नपत्रिका, बैलगाड्यांच्या शर्यतीची हँडबिलं, कारखान्याच्या सभेच्या नोटिसा, दहाव्याची पत्रं असं सगळं आमच्याकडे छापलं जाई. पण पप्पांचा खरा अभिमान एकच, गीतांचं पुस्तक. त्याची आधीची आवृत्ती त्यांनी तरुणपणी एकट्याने जुळवली होती. गीताच्या शेवटी घालायला नक्षीचा ठोकळा नव्हता, म्हणून त्यांनी शिसवीच्या तुकड्यावर ज्वारीचं कणीस कोरलं. छोटंसं, अंगठ्याच्या नखाएवढं. त्याला दोन पानं होती, उजवं सरळ आणि डावं मध्येच वाकलेलं. या वाकलेल्या पानावर पाळकसाहेबांनी एकदा पुरता पाऊण तास उपदेश केला होता. सरळ पान म्हणजे नीतिमत्त्व आणि वाकलेलं पान म्हणजे देवापुढची नम्रता, असा त्याचा मथितार्थ. मंडळी गहिवरली. पप्पा तिसऱ्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसले होते. घरी येताना मी विचारलं, "पप्पा, तुम्ही खरंच नम्रता म्हणून वाकवलं?"

"सुरी घसरली," पप्पा म्हणाले.

"मग सांगायचं ना त्यांना."

"पाऊण तास बोलल्यावर? माणसाला उघडं पाडू नये."

पुढे खिळे झिजले. अक्षरांच्या कडा गोल झाल्या, काही घरं रिकामीच राहू लागली, आणि नवे खिळे ओतणारे पुण्यातले लोक एकेक करून तो धंदा सोडून गेले. नवी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा पाळकसाहेबांनी कमिटीत सांगितलं की या वेळी जुळणी कॉम्प्युटरवर आणि छपाई पुण्यात व्हावी, पण सगळं शांतवनच्याच छापखान्यामार्फत. कापणीच्या सणाला पुस्तक निघेल, पाहुणे येतील, मुद्रक म्हणून शांतवनचं नाव राहील. पप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगी करील. पण ज्याला माझा हात लागला न्हाई, त्याच्यावर माझं नाव नको." पाळकसाहेबांना वाटलं ही नम्रता. मला माहीत होतं, ती नव्हती. त्याच आठवड्यात त्यांनी भंगारवाल्याला सांगून ठेवलं की सण झाला की टेम्पो घेऊन ये. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होती. पुस्तक इतकं देखणं करायचं की पप्पा स्वतः म्हणतील, घाल माझं नाव. त्यांच्या नावाविना ते पुस्तक निघालं तर त्यांचं काम मी बंद पाडलं, असाच त्याचा अर्थ होणार होता. तसं कोणी म्हणालं नसतं. आमच्या घरात अशा गोष्टी म्हणत नसत.

कॉम्प्युटर तेव्हा दौंडला होता. म्हणजे शिरूरलाही एक-दोन होते, पण दौंडला माझी आत्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होती, आणि तरुण मुलीने कुठे काम करायचं हे त्या काळी मशीन कुठे आहे यावर नव्हे, आत्या कुठे आहे यावर ठरत असे. सोमवारी न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरायची, शनिवारी परत. दौंडचे ते महिने माझ्या आठवणीत एकाच लांब दुपारीसारखे आहेत. स्टेशनवर गाडीचं इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावायचे, आणि तेवढा वेळ आख्खी गाडी आपण कुठे निघालो होतो हे विसरल्यासारखी उभी राहायची. डब्यांतली माणसं खिडकीतून बघत, मी कॉम्प्युटरच्या दुकानाच्या खिडकीतून त्यांना बघे. लांबून डबे एकमेकांना लागल्याचा आवाज येई, आणि त्याच क्षणी पडद्यावरची ओळ थरथरल्याचा भास होई. आत्या डब्यात लसणाची चटणी, भाकरी आणि शेंगदाण्याचं कालवण देई. जेवून झालं की मी पुन्हा गीतं टाईप करायला बसे, आणि संध्याकाळपर्यंत हाताला कीबोर्डच्या किल्ल्या लागतायत की खिळे, हे कळेनासं होई. स्वप्नात तर अक्षरं नेहमी शिशाचीच असत, पण सरळ. ती मला वाचता येत नसत.

दुकान बापूंचं होतं. ऊस, गोठा आणि डीटीपी असे त्यांचे तीन व्यवसाय, आणि तिन्हींकडे ते एकाच नजरेने बघत. लग्नसराईत त्यांच्याकडे श्वास घ्यायला जागा नसे. "ताई, ह्यो फॉन्ट बघा," ते अभिमानाने म्हणाले, "पत्रिकेचा स्पेशल हाय. अक्षरं तर हायतीच, वरच्या किल्ल्यांवर फुलं, वेली, समदं. जे दाबाल ते उगवतंय." मी कणीस शोधलं. कणीस नव्हतं. शेवटी एका किल्लीवर एक पिंपळाचं म्हणावं असं लहान पान सापडलं. ते मी प्रत्येक गीताखाली लावलं. दिसायला साजरं होतं. सरळ, दोन्ही बाजूंनी सारखं, कुठे घसरलेलं नाही. दौंडच्या प्रिंटरवर काढलेली प्रुफं मी घरी नेली. पप्पांनी ती लांब धरून पाहिली.

"सुबक हाय," ते म्हणाले. आमच्या पप्पांच्या तोंडी सुबक हा शब्द मी फक्त दुसऱ्यांच्या सुनांबद्दल ऐकला होता.

फाईल फ्लॉपीवर घेऊन छपाईसाठी पुण्याला निघाले, तेव्हा बापूंनी दुकानाच्या दारातून हाक मारली. "ताई, फॉन्टची फ्लॉपी बी संगं न्या. आपला जुना हाय."

"असू दे हो. त्यांच्याकडे असेलच. पुण्यात काय नसतं?"

"पुण्यात समदं नवं असतंय," बापू म्हणाले. मला वाटलं ते कौतुक करतायत.

पुण्यात फॉन्ट होता. त्याच नावाचा, त्याच कंपनीचा, नवा. अक्षरं हुबेहूब जागच्या जागी. मी पहिली चार पानं वरून खालपर्यंत वाचली, फक्त शब्द वाचले, आणि पुढची नुसती मोजली, कारण शेवटची एसटी चुकली असती. फिल्म निघाली, प्लेटा झाल्या, आणि पंधरा दिवसांनी छापील कागदांचे गठ्ठे टेम्पोने शिरूरला आले. शिवण आणि बांधणी घरीच व्हायची होती. मोठे कागद मोडून त्यांचे सोळा-सोळा पानांचे फर्मे करायचे, ते ओळीने लावायचे, मग शिवायचे. हे काम आवारातल्या बायका नेहमीच करत. ओसरीवर ताडपत्री टाकली होती. हुरड्याचे दिवस होते. कवठ्याकडून कोणीतरी कणसं आणली होती, अंगणात शेणीच्या आरात ती भाजत होती, आणि आई तळहातावर कणीस चोळून दाणे सगळ्यांच्या पुढ्यात टाकत होती. बायका फर्मा मोडता मोडता त्यातलंच गीत गुणगुणत होत्या. ऊन पायांवर आलं होतं. त्या सकाळी मला जगाबद्दल काहीही तक्रार नव्हती.

मरियाबाईंच्या वाट्याला शेवटचा फर्मा आला होता, अंत्यविधीच्या गीतांचा. मयतीला पहिली तान मरियाबाईंचीच, अशी आमच्याकडे पद्धत. गावात त्या कोणाला ताप आला असता भेटायला गेल्या तर घरचे घाबरत. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"करुणा, इकडं ये गं," त्या म्हणाल्या. "मढ्याम्होरं सनई लावली का तू?"

बायका हसल्या. मला वाटलं त्यांना डोळ्याला कमी दिसतंय. मी कागद घेतला. कबरेबद्दलचं गीत, शेवटचं कडवं, आणि त्याखाली दोन सनया एकमेकींना तिरक्या लावलेल्या, मध्ये चौघडा, वर गोंडे. पुढच्या गीताखाली तेच. त्याच्या पुढच्या खाली तेच. मी दुसरा गठ्ठा सोडला, तिसरा सोडला. पुस्तकभर सनई-चौघडा. नव्या फॉन्टात कंपनीने जुनं पिंपळपान काढून त्या किल्लीवर खपणारा माल बसवला होता.

"आनंदाच्या गीताला चालंल की," मरियाबाई म्हणाल्या. "पन ह्ये म्हंजी मेल्यालं मानूस उठून वरातीत जायाचं."

"गेलं तर बरंच की," आई म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून पुढचं कणीस चोळायला लागली.

पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे पानं उलटली. सण आठ दिवसांवर होता, पाहुण्यांना पत्रं गेली होती, फ्लेक्स नव्हता पण कापडी फलक रंगवून झाला होता. थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकाश पसरला, आणि मी ओळखलं की त्यांना अर्थ सापडला. "कोकऱ्याचं लग्न," ते म्हणाले. "बायबलातलं प्रकटीकरण. ख्रिस्त हा कोकरा, मंडळी त्याची वधू. सनई इथे फार योग्य आहे. उपासना म्हणजे विवाहसोहळाच." बायकांनी माना डोलावल्या. मग मरियाबाईंनी तोच शेवटचा फर्मा त्यांच्या हातात दिला. तिथे मात्र त्यांचा अर्थ पुरेना.

पप्पा दारात उभे होते. ते केव्हा आले मला कळलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेले, फॉन्ट, फ्लॉपी, पुण्यात सगळं नवं. त्यांनी तो कागद घेतला, सनईवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. तिथे काही लागत नव्हतं.

"सोळाच पानं हायती," ते म्हणाले. "भंगारवाला आला न्हाई अजून."

आमच्या ट्रेडलवर एका वेळी चारच पानं बसत, आणि खिळे तर तेवढ्याला जेमतेम पुरत. म्हणून चार पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडून परत आपापल्या घरांत टाकायचे, मग पुढची चार. ते आठ दिवस मी एका स्टुलावर बसून मरणाची गीतं मोठ्याने वाचत होते आणि पप्पा जुळवत होते. मी ओळ वाचायची, ते ती गुणगुणत खिळे टिपायचे, स्टिक भरली की अंगठ्याने ओळ दाबून बघायचे. एखादं अक्षर झिजलेलं निघालं की ते उन्हाकडे धरून म्हणायचे, "ह्ये थकलंय," आणि तरी लावायचे, कारण दुसरं नव्हतं. मी चुकीबद्दल माफी मागायचं रोज ठरवत होते. पण वाचता वाचता गीत सुरू होई, गीतात माफी आधीच कोणीतरी मागितलेली असे, आणि माझं राहून जाई. मशीन चाललं की भांडी किणकिणायची. ओसरीवर बायका बाकीचे फर्मे शिवत होत्या. प्रत्येक गीताखाली पप्पा ते कणीस बसवत, वाकलेल्या पानासकट. एकदाच ते म्हणाले, "तुझं पान चांगलं होतं गं. सुबक होतं." मी खाली बघून पुढची ओळ वाचली.

शेवटचं पान छापायच्या दिवशी त्यांनी मला दोरा आणायला बाजारात पाठवलं. दोरा घरात होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

कापणीच्या सणाला देवळात वेदीपुढे ज्वारीच्या पेंढ्या, भोपळे, कांदे, आणि पाय बांधलेली एक कोंबडी होती. ती पाहुण्यांच्या भाषणात नेमक्या जागी दाद देत होती. पाहुण्यांना शाल, नारळ, मग शाल देणाऱ्यांनाही शाल, असा तो सोहळा चालला. पुस्तकावरची रेशमी फीत सुटली, टाळ्या झाल्या. पाळकसाहेब कोकऱ्याच्या लग्नावर बोलले. मी मागच्या बाकावर एक प्रत घेऊन शेवटचं पान उघडलं. तिथे मुद्रकाचं नाव नव्हतं. शिशात जुळवलेल्या दोनच ओळी होत्या, थकलेल्या अक्षरांच्या:

अक्षरजुळणी : कु. करुणा
शेवटचा फर्मा : तिचे वडील

त्यांनी शब्द पाळला होता. त्या पुस्तकावर त्यांचं नाव नाही. पाळकसाहेबांनी नंतर कुरकुर केली की हे नियमात बसत नाही, तेव्हा पप्पा म्हणाले, "आता छापलं." दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. खिळे पोत्यांत भरले, ट्रेडल सुटं करून नेलं, आणि कितीतरी सकाळी आई कशाला तरी दचकून उठत राहिली.

ते पुस्तक आमच्या मंडळीत झिजेपर्यंत वापरलं गेलं. शेवटचा फर्मा बोटाला लागतो. खिळ्यांचे ठसे कागदात रुतलेले असतात, त्यामुळे मयतीच्या वेळी डोळे भरलेल्या माणसालाही पान सापडतं, नुसतं चाचपून. मी स्वतः पप्पांच्या वेळी तसंच शोधलं. मरियाबाई तोवर गेल्या होत्या, तान दुसऱ्या कोणी घेतली.

आता नवी आवृत्ती. त्या फोनवाल्या मुलीने कमिटीची एकच सूचना कळवली: "आंटी, आनंदाच्या गीतांखालची सनई काढू नका. लोक म्हणतात ती आपली परंपरा आहे." मी हो म्हणाले. माणसाला उघडं पाडू नये, आणि मंडळीला तर नाहीच. सनई मी नव्याने काढून दिली, गोंड्यांसकट. मग कणीस घेतलं. शिसवीचा ठोकळा कुठे गेला माहीत नाही. आईचा संशय उंदरांवर होता, माझा आईवर. म्हणून पप्पांच्या प्रतीतूनच ते स्कॅन केलं आणि नव्या फॉन्टात त्याला स्वतःची जागा दिली, कुठल्याही अक्षराच्या घरात पाहुणं म्हणून नव्हे. पण चित्रावरून रेषा काढून देणारं संगणकातलं यंत्र फार सुसंस्कृत आहे. त्याने डावं पान सरळ करून टाकलं. दोन्ही बाजू सारख्या, सुबक. मी ते पुसलं आणि माउस धरून पान हाताने वाकवायला लागले. एकदा फार वाकलं. एकदा शोभेचं दिसलं. एकदा अगदी नम्रता दिसली, पाऊण तासाची. सगळी दुपार गेली. शेवटी यंत्राने केलेलं आणि मी केलेलं दोन्ही काढून टाकलं, आणि कागदावर होतं तसंच, खडबडीत, शाई थोडी पसरलेलं, ते कणीस त्या सोळा पानांतल्या गीतांखाली ठेवलं. मुद्दाम घसरता येत नाही.